चार मुलांचा एक्स-रे

आमच्या एक्स-रे डिपार्टमेंटमध्ये सगळ्या प्रकारची गिऱ्हाइकं येतात. शिडीवरून पडलेले आजोबा येतात, नाणं गिळलेली पोरं येतात, एकदा पोलिसांचा कुत्राही येऊन गेला आणि त्याने सगळ्यांत कमी कुरकुर केली. चित्र मात्र तोवर कधी आलं नव्हतं. एके दिवशी मॅनेजरचा ईमेल आला. बंदराजवळच्या एका लहान म्युझियमला एका जुन्या तैलचित्राचा एक्स-रे काढून हवा आहे, रविवारी सकाळी आउटपेशंटची खोली रिकामीच असते, तेव्हा कुणी येऊ शकेल का? मी लगेच हो लिहिलं. कलेचं प्रेम वगैरे काही नाही. रिटायरमेंटला दीड वर्ष उरलं होतं आणि रविवारी घरी बसलं की नवरा गॅरेज आवरायला लावतो.

ईमेलसोबत चित्राचा फोटो होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कधीतरी आमच्या साउथहॅम्प्टनच्याच एका व्यापाऱ्याने आपल्या मुलांचं काढून घेतलेलं हे चित्र. हा व्यापारी जहाजांना दोरखंड, डांबर, शिडांचं कापड असला माल पुरवायचा. चित्रकाराची सही नाही. म्युझियमवाल्यांचा अंदाज असा की तो बंदराबंदरांतून फिरून कप्तानांना त्यांच्या जहाजांची चित्रं काढून द्यायचा आणि मधल्या वेळात मिळतील ती पोरं रंगवायचा. ते पटण्यासारखं होतं. मुलींच्या झग्यांच्या चुण्या वारा भरलेल्या शिडासारख्या झकास उतरल्या होत्या, चेहरे मात्र बेतास बात. डावीकडे सातआठ वर्षांचा मुलगा हातात खेळायचं लाकडी चाक घेऊन उभा. मधे थोरली बहीण ठेंगण्या स्टुलावर बसलेली. तिच्या मागे मधली, काखेत मांजर. आणि उजवीकडे, थोरलीच्या गुडघ्याला टेकून, तिचा हात धरून उभं असलेलं चौथं मूल, पांढऱ्या फ्रॉकमधलं, जेमतेम दीड वर्षाचं.

हे चौथं मूल मुलगी वाटतं, पण मुलगा आहे. त्या काळी इंग्लंडात मुलगेही चारपाच वर्षांचे होईपर्यंत फ्रॉकमध्येच वाढायचे. ओळखायचं ते भांगावरून. मधोमध भांग असला की मुलगी, बाजूला असला की मुलगा. हे सगळं मला नंतर समजलं. पहिल्या नजरेत दिसलं ते इतकंच की त्याचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं होतं आणि चेहरा काही दीड वर्षाच्या मुलाचा नव्हता. समजूतदार आणि जरासा वैतागलेला असा तो चेहरा होता.

चित्राचं काय बिनसलंय हे मला म्युझियमच्या कॉन्झर्व्हेटरने, म्हणजे जुनी चित्रं साफ आणि दुरुस्त करणाऱ्या बाईने, फोनवर सांगितलं. बाकीचं चित्र धडधाकट होतं. या चौथ्या मुलाच्या अंगावरच तेवढ्या रुंद भेगा पडल्या होत्या, उन्हात वाळलेल्या चिखलासारख्या. तयार झालेल्या चित्रावर नंतर कुणी रंग चढवला की बहुधा असं होतं. तिला शंका होती की हे मूल पुढे कधीतरी, दुसऱ्याच कुणीतरी, घुसडलं आहे. तसं निघालं तर त्याची डागडुजी करत बसण्यापेक्षा वरचा रंग काढूनच टाकायचा, म्हणजे मूळचं तीन मुलांचं चित्र परत मिळेल, असा म्युझियमच्या समितीचा विचार होता. तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. आमच्याकडे सर्जन अपेंडिक्सबद्दल बोलतात त्याच आवाजात.

"एक्स-रेत कळेलच," ती म्हणाली, "तो मूळचा आहे की नाही."

रविवारी सकाळी व्हॅनमधून चित्र आलं. सोबत कॉन्झर्व्हेटर होती आणि एक म्हातारी बाई. नव्वदीला टेकलेली, निळा कोट, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. चित्र तिच्या घराण्यातलं. त्यातली थोरली मुलगी म्हणजे तिच्या आजीची आई. घर विकून म्हातारी एका लहानशा फ्लॅटमध्ये राहायला गेली होती, तिथे एवढं मोठं चित्र मावेना, म्हणून तिने ते म्युझियमला देऊन टाकलं होतं. देणगीच्या कागदावर सही केल्यावर आता तिचा त्यावर काही हक्क उरला नव्हता, हे तिने मला पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं.

"मी नातेवाईक म्हणून आले आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे नातेवाईकांना बसू देतात ना?"

देतात, मी म्हटलं, आणि तिला मशीनमधला चहा आणून दिला. तो चहा आमच्याकडे फक्त बाहेरचे लोक पितात.

आमच्या यंत्राला पेशंटची नोंद केल्याशिवाय काही करता येत नाही. आडनावाच्या रकान्यात मी 'म्युझियम' लिहिलं, नावाच्या रकान्यात 'पेंटिंग'. जन्मतारखेला एकोणिसावं शतक त्याला मंजूर नव्हतं, म्हणून मी त्या दिवसाचीच तारीख टाकली. यंत्राच्या लेखी चित्र त्या सकाळी जन्मलं. गरोदर आहात का, हा प्रश्न विचारला की नाही, त्यालाही उत्तर द्यावं लागलं. मग शरीराचा कुठला भाग? कॅनव्हास हा पर्याय त्यात नाही. चित्राला फार हलके किरण लागतात असं कॉन्झर्व्हेटर म्हणाली होती, म्हणून मी 'लहान मुलाचा हात' निवडलं. आमच्याकडे त्याहून हलकं काही नाही.

कॉन्झर्व्हेटर चित्राची बांधणी सोडवत होती तेवढ्यात मी म्हातारीशेजारी बसले. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडत होते तेव्हा ती पाच वर्षांची होती. सायरन वाजला की तिची आजी हे चित्र भिंतीवरून उतरवायची, ब्लँकेटमध्ये गुंडाळायची आणि दोघी चित्रासकट जिन्याखाली शिरायच्या. तिथे बसून आजी मोजायची, हे चार आणि तू पाचवी. धोका टळल्याचा भोंगा झाला, बाहेर आल्या, की पुन्हा मोजायची. रस्त्यावरची दोन घरं गेली, पण आजीची मोजणी कधी चुकली नाही.

"आणि आता यांना चार म्हणायला पुरावा पाहिजे," ती म्हणाली. ती चिडलेली होती, पण आवाज चढवणाऱ्यांतली नव्हती. घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर त्या मुलाचा जन्म आणि मृत्यू दोन्ही लिहिलेले होते. दीड वर्षाचा असताना तापाने गेला. त्याची दुसरी काही खूण जगात नव्हती. कबरीवरचा दगड केव्हाच पडून गेला होता. चित्रातून तो पुसला की संपलं.

मग तिने मला विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"एक," मी म्हटलं. "मुलगी. इल्फर्डला शाळेत शिकवते."

"एकुलती एक," ती म्हणाली आणि मान डोलावली.

हे उत्तर मी इतकी वर्षं इतक्या सहज देत आले आहे की ते खोटं आहे हे माझं मलाही जाणवेनासं झालं होतं. मुलीच्या आधी तीन वर्षं मला मुलगा झाला होता. याच हॉस्पिटलात, तीन मजले वर. दिवस पूर्ण भरलेले होते. तो दोन दिवस जगला. कागदांवर त्याचं नाव 'बेबी' आणि पुढे आमचं आडनाव. एक नर्स कॅमेरा घेऊन आली होती. तिने फोटो काढला आणि म्हणाली, आत्ता नको असेल तर पाकिटात घालून तुमच्या फाइलला लावून ठेवते, हवा तेव्हा मागा. नवऱ्याने नागपूरला फोन केला होता. सासूबाईंनी सांगितलं की बारशाआधी गेलेल्या मुलाचं नाव ठेवत नाहीत, फोटो तर घरात आणायचाच नाही, पुढच्या मुलावर सावली पडते. नवरा डॉक्टर आहे, सावलीवर त्याचा विश्वास नाही, पण त्या दिवशी त्याला कुणीतरी काय करायचं ते सांगायला हवंच होतं. त्याने नर्सला सांगितलं, फाइलमध्ये राहू दे. मी मान हलवली. मुलाला मी एकदाच, खिडकीच्या उजेडात, नीट पाहिलं होतं.

सासूबाई वाईट नव्हत्या. आपण सुनेला सावरतो आहोत असंच त्यांना वाटत होतं. मला मात्र त्यांचा राग आला होता, आणि त्यांना जाऊन बारा वर्षं झाली तरी तो गेलेला नाही. पुढे मुलगी झाली, मी याच हॉस्पिटलात तळमजल्यावर नोकरीला लागले. फायलींची खोली आमच्या कॉरिडॉरच्या टोकाला होती. कँटीनला जायची वाट तिच्यावरूनच जायची. मी कधी आत गेले नाही. मुलीला आम्ही काही सांगितलं नाही. आधी ती लहान होती म्हणून, मग परीक्षा होत्या म्हणून, मग इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून.

चित्र टेबलावर घेतलं. रंग निसटू नये म्हणून कॉन्झर्व्हेटरने समोरून पातळ कागद चिकटवला होता, त्यामुळे मुलं धुक्यातल्यासारखी अंधुक दिसत होती. रंग खालच्या, किरण टिपणाऱ्या प्लेटला जितका जवळ तितकी प्रतिमा स्पष्ट, म्हणून चित्र पालथं घालायचं ठरलं. मऊ फोमवर आम्ही दोघींनी ते पालथं ठेवलं. प्रत्येक रेडिओग्राफरकडे शिशाची दोन अक्षरं असतात, डाव्यासाठी एल आणि उजव्यासाठी आर, खाली आपली आद्याक्षरं. पेशंटची कुठली बाजू कुठली हे त्यावरून कळतं. माझी जोडी नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली आहे. इतक्या वर्षांची सवय, माझा हात आपोआप खिशात गेला आणि मी कॅनव्हासच्या पाठीवर, डाव्या कडेला, माझं एल ठेवून दिलं. कॉन्झर्व्हेटरने ते पाहिलं. तिला वाटलं असेल, यांची काहीतरी पद्धत असेल.

चित्र मोठं, प्लेट लहान, म्हणून बारा तुकड्यांत काढावं लागलं. मी आडोशाआड जाऊन बटण दाबायची, बाहेर येऊन प्लेट सरकवायची, पुन्हा आत. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं, ते एक्स-रेत हाडासारखं पांढरंशुभ्र उठतं. आधी खिळे दिसले, लाकडी चौकटीचा सांगाडा दिसला. मग एकेक चेहरा वर आला. शेवटी ते चौथं मूल आलं आणि मला लगेच दिसलं. त्याच्या अंगातून थोरल्या बहिणीच्या झग्याच्या चुण्या आरपार जात होत्या. लेससकट, शेवटच्या टाक्यापर्यंत पुऱ्या रंगवलेल्या. तो उभा होता तिथे आधी नुसता झगा होता. आणि ज्या हाताने तिने त्याचा हात धरला होता, त्या हातात, वरच्या रंगाखाली, एक गोल वस्तू होती.

"चेंडू," कॉन्झर्व्हेटर म्हणाली.

"संत्रं," मी म्हटलं. नागपूरची असल्यामुळे या एका बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

ती हसली, मग गंभीर झाली. "नंतर घातलाय," ती म्हणाली. "प्रश्नच नाही."

बाहेर आले तर म्हातारी उठून उभी होती. तिने विचारलं, "तो आहे ना?"

आम्ही एक्स-रे काढतो, निकाल सांगत नाही. हा नियम शिकतानाच अंगात मुरवतात. छातीत गाठ दिसली तरी चेहरा तोच ठेवायचा, छान झालं, कपडे घाला, डॉक्टर कळवतील. मी एकोणतीस वर्षं हे करत आले होते आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "रिपोर्ट त्या देतील तुम्हाला."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचा चेहरा फार शिकलेला आहे," ती म्हणाली. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. का, हे तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

गुरुवारी दुपारी कॉन्झर्व्हेटरचा फोन आला. ती म्हणाली, "तुमचा एक्स-रे उलटा आहे."

आमच्या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही. डाव्याचं उजवं झालं तर माणसाचा चांगला गुडघा कापला जातो. मग डोकं चालायला लागलं. चित्र पालथं होतं. मी अक्षर ठेवलं पाठीवर. प्रतिमा आली ती पाठीकडून पाहिल्यासारखी, आरशातली. पण पडद्यावर माझं एल सरळ वाचता येत होतं, आणि अक्षर सरळ तर प्रतिमा सरळ, हे माझ्या हाडात बसलेलं. म्हणून मी डोळे झाकून बाराही तुकडे तसेच पाठवून दिले होते. समोरच्या कागदामुळे चित्राशी ताडून पाहायचंही सुचलं नव्हतं. नवशिक्या पोरीने केलं असतं तर मी तिला फैलावर घेतलं असतं.

"माफ करा," मी म्हटलं. "आत्ता उलटवून पाठवते."

"नको," ती म्हणाली. "आधी इकडे या आणि बघा."

म्युझियमच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. टेबलावर दोन पडदे, एकावर चित्राचा फोटो, दुसऱ्यावर माझा उलटा एक्स-रे. फोटोत डावीकडे चाकवाला मोठा भाऊ, उजवीकडे बघत असलेला. उलट्या एक्स-रेत डावीकडे आलं होतं ते चौथं मूल, आणि तेही उजवीकडे बघत होतं. तिने एक्स-रे फोटोवर सरकवला, जरा वर घेतला, आणि धाकट्याचा चेहरा थोरल्या भावाच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. नुसता सारखा नव्हे. तोच. कानाची पाळी, पापणीची रेघ, हनुवटीवरची खळी, सगळं रेघेवर रेघ. मापसुद्धा तेच. म्हणूनच त्या मुलाचं डोकं इतकं मोठं होतं आणि चेहरा इतका समजूतदार.

तिने मला समजावून सांगितलं ते असं. चित्रकाराने मोठ्या भावाला समोर बसवून आधी कागदावर त्याचं रेखाटन केलं असणार आणि त्यावरून तो चेहरा कॅनव्हासवर उतरवला असणार. तेच रेखाटन पुढे केव्हातरी पालथं घालून त्याने धाकट्याचा चेहरा उतरवला. पालथं, म्हणजे मूल बहिणीकडे बघेल, चित्राबाहेर नाही. ते रेखाटन ज्याच्याकडे होतं तोच हे करू शकत होता. मग मी बायबलच्या पानाबद्दल तिला सांगितलं आणि आम्ही दोघींनी हिशेब जुळवला. मूळ चित्र झालं तेव्हा हे मूल जन्मलंच नव्हतं. ते पुढे जन्मलं, दीड वर्षाचं होऊन गेलं, आणि घरच्यांनी त्याच चित्रकाराला परत बोलावलं. तोपर्यंत आधीच्या चित्रावर वार्निश चढलं होतं, म्हणून भेगा. समोर बसायला मूल नव्हतं, म्हणून भावाचा चेहरा.

"तुम्ही तो सरळ पाठवला असता तर मला हे दिसलं नसतं," ती म्हणाली. "मी अर्धा अहवाल लिहून ठेवला होता." अर्ध्या अहवालात काय होतं ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच कुणाचा हात नाही, मूळ चित्रकाराचाच आहे, तेव्हा मूल राहील, यात तिला शंका नव्हती. समितीची बैठक पुढच्या मंगळवारी होती, त्यानंतर म्हातारीला पत्र जाणार होतं.

मी तिच्याकडून पत्ता घेतला आणि तिथून सरळ म्हातारीच्या फ्लॅटवर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाला निकाल सांगितला. दारातच सांगून टाकलं, तो राहतोय. तिने मला आत घेतलं, बसवलं, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. भावाच्या चेहऱ्याशी आले तेव्हा तिने मला थांबवलं.

"म्हणजे तो चेहरा त्याचा नाहीच."

"नाही," मी म्हटलं.

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी पींपीं करत कार मागे घेत होतं. ती म्हणाली, "त्याच्या आईने बघितला असेल आणि म्हणाली असेल, चालेल. नाहीतर भिंतीवर लागलाच नसता." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. मी रडत होते. तिने मला टिश्यूचा बॉक्स दिला आणि काही विचारलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी लंचच्या सुट्टीत मी कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत गेले. तिथे आता फायली नाहीत, फिजिओथेरपीचे चेंडू आणि चटया आहेत. रेकॉर्डवाले दुसऱ्या इमारतीत गेलेत, त्यांना ऑनलाइन फॉर्म भरून पाठवावा लागतो. मी तो भरला. मुलाच्या नावाच्या रकान्यात 'बेबी' लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सौजन्याने लिहिलेलं, चार ओळींचं. प्रसूतीच्या फायली नियमाप्रमाणे ठरावीक वर्षं ठेवतात, ती मुदत संपून बराच काळ झाला होता, फाइल आणि तिला जोडलेलं सगळं नष्ट केलेलं होतं. कुणाची चूक नव्हती. पाकीट वर्षानुवर्षं माझ्यापासून शंभर पावलांवर होतं आणि मी त्याच्यावरून सँडविच आणायला जात होते. नवऱ्याला मी तो ईमेल दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. मी गेले आणि त्याच्याबरोबर गॅरेज आवरू लागले. त्या दिवशी बरंच आवरलं.

वसंतात चित्र म्युझियमच्या भिंतीवर लागलं. शनिवारी दुपारी छोटासा कार्यक्रम होता, मलाही बोलावणं होतं. मुलगी इल्फर्डहून आली. आईने पेंटिंगचा एक्स-रे काढला हे तिने तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलांना सांगितलं होतं. नवरा कार लावायला जागा शोधत होता, आम्ही दोघी पुढे गेलो. म्हातारी चित्रासमोर खुर्ची घेऊन बसली होती, तोच निळा कोट. भेगा बुजवल्या होत्या, फ्रॉक पांढरा झाला होता. डोकं अजून मोठंच होतं. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं की चित्रात व्यापाऱ्याची चार मुलं आहेत, आणि धाकटा त्याच्या मृत्यूनंतर, भावाचा चेहरा घेऊन, त्याच चित्रकाराने रंगवलेला आहे. खाली माझा एक्स-रेही लावला होता, सरळ करून. त्यामुळे त्यातलं माझं एल आता उलटं दिसतं.

म्हातारीने मुलीचा हात हातात घेतला. "तर ही तुमची मुलगी," ती म्हणाली. "एकुलती एक."

"हो, आणि फार लाडावलेली," मुलगी हसत म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हातारीला इंग्लिशमध्ये सांगितलं, "तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. दोन. पहिला मुलगा होता." मग मुलीकडे वळले आणि मराठीत सांगितलं, कारण हे मला इंग्लिशमध्ये सांगायचं नव्हतं. "तुझ्या आधी तीन वर्षं. दोन दिवसांचा होऊन गेला. आम्ही तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

म्हातारीला शब्द कळले नसतील, पण तिने मुलीचा हात सोडला नाही.

"आई," मुलगी म्हणाली, "व्हॉट वॉज हिज नेम?"

"ठेवलं नाही. बारसं झालं नव्हतं."

"फोटो आहे?"

"होता. आता नाही. मी उशीर केला."

ती चित्राकडे वळली. पाटी वाचली, मग चौथ्या मुलाचा चेहरा पाहिला, मग डावीकडच्या भावाचा, मग पुन्हा पाटी. आमच्या मागे कुणीतरी कपबशा मांडत होतं. "दिसायला कसा होता?" तिने विचारलं.

"तुझ्यासारखा," मी म्हटलं, आणि लगेच सुधारलं, कारण कुठली बाजू कुठली हे त्या एक्स-रेनंतर मी दोनदा तपासते. "म्हणजे, तू त्याच्यासारखी. हनुवटी तीच. तू झालीस तेव्हा मी आधी तीच बघितली."

तिने स्वतःच्या हनुवटीला हात लावला. दारातून नवरा येताना दिसत होता, हातात पार्किंगचं तिकीट. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे मी धाकटी," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "तू धाकटी."